शेपटीचा एक

रवि. ६ फेब्रुवारी १९६६, पनवेल

वही दिवाळीत घेतली. पहिल्या पानावर नाव टाकलं, सदाशिव म. गोळे, आणि मिटून ठेवली. रोज म्हणायचं उद्यापासून. काल तिच्यावर चहाचा कप ठेवला, गोल डाग पडला. आता खराब झालीच आहे तर लिहावं. आळस, दुसरं काही नाही. स्वतःच्या वहीत कशाला थापा मारायच्या.

तर मी पनवेलला आहे. निघालो होतो गोव्याला. एस.टी. स्टँडवर थांबली म्हणून पाय मोकळे करायला उतरलो. रस्त्याकडेला एक चष्मेवाला, मोठ्या थर्मासएवढं यंत्र तिपाईवर ठेवून त्यात डोळा घालून बसला होता. काय बघतो ते बघत राहिलो. गाडी गेली. बरोबर ट्रंकही गेली. हा पाटणकर, मुंबईच्या विद्यापीठातल्या तेल खात्याचा विद्यार्थी. तेल म्हणजे जमिनीच्या पोटातलं, खनिज. कुठे जमीन किती जोरानं ओढते ते हे यंत्र सांगतं, आणि त्यावरून खाली काय दडलंय याचा अंदाज. म्हणाला, मी आकडा वाचतो, तो लिहायला माणूस पाहिजे, येतोस? आलो. तीन महिने झाले.

याआधी: तंबूतल्या सिनेमाची तिकिटं फाडली, रेवसच्या लाँचवर दोर टाकला, एका फोटोवाल्याकडे पडदा धरला. मॅट्रिकला गणितात दोनदा आपटलो. हे खात्यात कुणाला माहीत नाही.

आणि पहिल्याच आठवड्यातली गंमत लिहायलाच हवी. पाटणकर म्हणाला, "बाराच्या गाडीनं कॉम्प्युटर येतोय मुंबईहून. स्टँडवर जा, घेऊन ये." मी हातगाडी केली. सुंभाचा दोर घेतला, खाली घालायला गोणपाट, शिवाय दोन हमाल. गाडी आली. टपावर बघतो, कणग्या आणि सायकल. कंडक्टरला म्हटलं, कॉम्प्युटर कुठाय, सांभाळून उतरवा. मागून आवाज आला, "मीच."

चाळिशीच्या बाई, पांढरं पातळ, छत्री, हातात बिस्किटांचा डबा. हातगाडी बघितली, दोर बघितला, हमाल बघितले. छत्री आणि डबा हातगाडीवर ठेवला आणि म्हणाल्या, "दोरानं बांधा हो नीट, पडेल." आणि गाडीबरोबर चालत निघाल्या.

मस्टरवर तसंच लिहिलंय. कॉम्प्युटर: मिस लेआ आपटेकर. मोजणी करणारा तो कॉम्प्युटर. मुंबईला आता त्याच नावाचं यंत्रही निघालंय, खोलीभर. बाई तेच बघायला गेल्या होत्या.


मंगळ. ८

आज दिवसभर खोलीत. बाहेर मोजणीला जायचं नव्हतं, जीप नादुरुस्त.

खोली म्हणजे लेआबाईंच्याच घरचा माळा. खाली त्यांच्या आज्याची तेलाची घाणी, बंद पडून वीस वर्षं झाली, वास मात्र अजून येतो. बाई बेने इस्रायल. त्यांच्या लोकांना इकडे शनवार तेली म्हणत, घाणीचा धंदा आणि शनवारी घाणी बंद म्हणून. गावात विनोद चालतो, सरकारला तेल शोधायला तेल्याचाच माळा सापडला. बाई म्हणतात, "बरोबरच आहे. आम्ही तिळातून काढायचो, हे दगडातून काढणार."

माळ्यावर तीन गणिताची यंत्रं. लोखंडी, टाईपरायटरएवढी, उजवीकडे दांडा. आकडा लावायचा, दांडा पुढे फिरवला की बेरीज, मागे फिरवला की वजा. गुणायचं असेल तर तितके फेरे. जास्त झालं तर घंटी वाजते, टिंग. दोन यंत्रांवर कॉलेजची मुलं येऊन जाऊन असतात. तिसरं बाईंचं. त्याला दुसरं कुणी हात लावत नाही, लावावासा वाटत नाही.

बाई दांड्याकडे बघत नाहीत. डोळे कागदावर, हात आपला फिरतोय, तोंडानं ओठातल्या ओठात. एक रकाना संपला की तोच उलट्या दिशेनं करतात. उलट करून शून्य आलं पाहिजे. आलं की म्हणतात, "बरं." एवढंच. दिवसातून शंभरदा तरी. मी मोजत बसलो होतो, मधे खिडकीतून एक माकडवाला गेला म्हणून राहिलं.

पंखा नाही, कागद उडतात. घाम पुसायला मांडीवर पंचा. तरी अक्षर छापल्यासारखं. मोजणीवरून आलेली माझी वही त्या स्वतः स्वच्छ कागदावर उतरवतात आणि मगच तो कागद पुढे जातो. वहीत खाली कार्बन असतो, त्याची नक्कल माळ्यावर राहते.

मला बोलावलं. "सदू, हे काय आहे?"

"एक."

"मला वाटलं रेघ. तुझी एकाची काडी वहीच्या रेघांत हरवते. काहीतरी कर बाबा तिचं."


गुरु. १०

द्रोणागिरीच्या अलीकडे मिठागरांत. पाटणकर वाचतो, मी लिहितो, बाळाराम बांधावर उंचीची पट्टी धरतो. बाळाराम तिथलाच, मिठागर त्याच्या मामाचं. पट्टी धरायला सांगितलं की आधी विचारतो, "कनच्या बाजूनं उजेड पायजे?" हे त्याला कुणी शिकवलं नाही.

काडीवर उपाय केला. खात्याचा नियम आकडे इंग्रजीत लिहायचा. बाकी सगळे इंग्रजीच, एक मात्र मराठी. गोल आणि खाली शेपूट. हरवत नाही. संध्याकाळी बाईंनी बघितलं आणि हसल्या. "हां. आता दिसतो."

दुपारी उशीर झाला. दोष माझा. गुलाबी पायांचे पक्षी उतरले होते पाण्यात, दोनेकशे तरी. मी त्यांच्या मागे बांध बांध करत गेलो, चिखलात मांडीपर्यंत. बाळारामनं ओढून काढलं. "सदूभाऊ, मिठाचं पीक हाय, माणसाचं नाय. बाहेर या."


शनि. १२

आज बाई नाहीत. शनवारी त्या चूलही पेटवत नाहीत. सकाळी मशिदीत गेल्या, त्यांच्या देवळाला इथे मशीदच म्हणतात.

अकराला देवस्थळी सर आले. खात्याचे प्रमुख. सर म्हणजे वीज. बोलता बोलता फळ्यावर काढतात, फळा नसेल तर भिंतीवर. मुंबईच्या यंत्रावर उद्याचा वेळ अचानक मिळाला, दुसऱ्या कुणाचं काम रद्द झालं. म्हणाले, "मिठागरांच्या वह्या दे."

मी म्हटलं, बाईंनी अजून उतरवल्या नाहीत.

"आत्ता कुठला वेळ! मूळ वह्याच दे. कार्बन आहे ना इथे?"

दिल्या. वर म्हणाले, तूही चल, वह्या कुठे काय आहे सांगायला. मी उडालोच. ठाण्या-मुंब्र्यावरून जीपनं.


सोम. १४

परत आलो. काल जे बघितलं ते लिहायला येईल की नाही.

चपला बाहेर. दार उघडलं की अंगावर गार हवा, कर्नाळ्याच्या किल्ल्यावर पहाटे असते तशी, पण बंद खोलीत. हा गारवा माणसांसाठी नाही, यंत्राला उकडतं म्हणून. कपाटांची रांग, राखाडी. एका कपाटात फीत सुटते, थबकते, मागे येते, जणू काही आठवतंय. लाल दिवे इतके की लक्ष्मीपूजन. आणि कुणी फिरवत नाही, दांडा नाहीच.

आधी शेजारच्या खोलीत मुली बसतात. माझ्या वहीतले आकडे बघून त्या पुठ्ठ्याच्या कार्डांवर भोकं पाडतात, आणि ती भोकं यंत्र वाचतं. गड्ड्या पत्त्यांसारख्या. मग सर्रर्र. दुसऱ्या टोकाला कागद निघू लागला, ओळीमागून ओळ, मी तोंड उघडं टाकून. बाईंना तीन दिवस लागले असते ते चहा थंड व्हायच्या आत.

सर माझ्याकडे बघून म्हणाले, "काय गोळे?" मी म्हटलं, "घंटी वाजत नाही याची." सर खूप हसले.

बाईंना सगळं सांगितलं आज. वाटलं रागावतील वह्या नेल्या म्हणून. त्यांनी एवढंच विचारलं, उलट करून बघतं का ते?


गुरु. २४

सर पेढे घेऊन आले! नकाशा आलाय. मिठागरांच्या खाली फुगवटा. पुरी फुगावी तसा गोल, मधोमध उंच. तेल अशाच फुगवट्याच्या पोटात धरून राहतं, सर म्हणतात, आजवर या बाजूला कुणाला वाटलंही नव्हतं. पुढच्या मोसमात तिथे भोक पाडायचं. माझाही ऊर भरून आला, त्यातले आकडे माझ्या हातचे.

बाळारामला पेढा दिला. तो पेढा हातात धरून उभाच. "आमचे मिठागरात? मंग मीठ कुठं पिकवायचं आमी?" सर म्हणाले, अरे तुला तेलाच्या विहिरीवर नोकरी देऊ. त्यानं पेढा अर्धा खाल्ला, अर्धा रुमालात बांधला.

लेआबाई नकाशाकडे खूप वेळ बघत होत्या. काठावर बोट ठेवलं. "इथे एकदम कडा कसा? जमीन इतकी सुरीनं कापल्यासारखी नसते."

"भ्रंश असेल, खडकातला तडा," सर म्हणाले.

"असेल," बाई म्हणाल्या. पेढा घेतला नाही.


सोम. २८

बाई कार्बनवरून मिठागरं स्वतः करतायत. शनवार सोडून तीन दिवस. उठल्या नाहीत, जेवण शेजारची आणून देते. आज दुपारी शेवटचा रकाना उलट केला, शून्य आलं. पण "बरं" म्हणाल्या नाहीत.

सपाट. फुगवटा नाहीच. नुसती उरणकडे थोडी उतरती जमीन.

रात्री मुख्य रकाने परत केले. परत सपाट.


बुध. २ मार्च

सर आले, बोलणं झालं. मी जिन्यात होतो, सगळं ऐकू आलं.

सर: "मिस आपटेकर, यंत्र थकत नाही."

बाई: "मी थकते, म्हणून तीनदा केलं."

सर: "तीन दिवसांची कामं तीन मिनिटांत होतात. विद्यापीठाची कमिटी मला विचारतेय पनवेलची खोली कशाला ठेवायची. मी तुमच्या बाजूनं बोलत आलो. आता तुमचा एक नकाशा, यंत्राचा एक. दोन्ही खरे असू शकत नाहीत. मी त्यांना काय सांगू?"

वरून दांडा फिरल्याचा आवाज आला.

सर वाईट नाहीत. जिन्यात मला भेटले तेव्हा चेहरा उतरलेला होता. म्हणाले, मार्चअखेर खोली बंद होईल असं दिसतंय, बाईंना सांभाळ.

बाईंचे दोघे भाऊ इस्रायलला गेलेत. दर पत्रात ये म्हणतात. मी विचारलं, जाल? म्हणाल्या, "तिकडे मी कुणाची तरी बहीण होईन. इथे मस्टरवर माझं नाव आहे."


शुक्र. ४

हे लिहू नये असं वाटतंय.

ड्रायव्हर मुंबईहून यंत्राच्या छापील कागदांचा गठ्ठा टाकून गेला, सरांच्या कपाटात ठेव म्हणून. काठाला भोकं असलेला लांब कागद. मी उघडला, सहज. सुरुवातीला मूळ आकडे छापलेले असतात. माझे आकडे! छापून! मी स्टँडवर चहा घेत घेत वाचत होतो, एखाद्याला दाखवावं असं मनात.

मिठागर, मोजणीची पहिली जागा, चारशे ब्याण्णव.

असा आकडा मी लिहिलेलाच नाही. तिथले सगळे चारशे दहा ते चारशे एकोणीस. पाटणकर चेष्टेनं म्हणायचा, इथे काटा झोपलाय. खाली बघतो, चारशे त्र्याण्णव. चारशे अठ्ठ्याण्णव. चारशे नव्याण्णव.

बशीतल्या चहात बोट बुडवून बाकावर माझा एक काढला. शेपटीचा. मग पलीकडच्या बाजूला जाऊन इंग्रजी नऊ काढला. 9.

जावळी भावंडं.

त्या मुलीनं वही बघितली, सगळे इंग्रजी आकडे, मधे हा. तिनं नऊ वाचला. का नाही वाचणार. बाईंनी मराठी शाळेतल्या डोळ्यांनी एक वाचला. यंत्रानं दिलं ते केलं. फुगवटा तेलाचा नाही, माझ्या शेपटीचा. बाईंनी बोट ठेवलेला कडाही तिथेच, जिथून शेपूट सुरू झालं.

गठ्ठा सरांच्या कपाटात ठेवला. वर गेलो. बाई यंत्राला तेल घालत होत्या. तसाच खाली आलो. गोव्याची गाडी उभी होती.


मंगळ. ८

महाडपर्यंत गेलो. शिमगा होता, रस्त्यात पोरं बांबू आडवे धरून गाडी अडवत होती. एका गावात सोंगं बघायला उतरलो आणि तीन दिवस राहिलो. ढोल वाजवायला दिला, वाजवला. पण डोक्यात सारखं चारशे ब्याण्णव, चारशे त्र्याण्णव, ढोलाच्या ठेक्यावर. आज सकाळी उलटी गाडी धरली.

वर गेलो आणि उभ्यानंच सांगितलं. बाकावरचं चहातलं, शेपूट, नऊ, सगळं. शुक्रवारी कळूनही पळालो हेही.

बाईंनी पेन्सिल ठेवली. एक कोरा कागद घेतला, माझ्यासारखा एक काढला, कागद फिरवून बघितला. आणि हसायला लागल्या. डोळ्यांत पाणी येईस्तोवर. "अरे, शेपूट मीच मागितलं होतं!"

मग कागदाची घडी घातली. "शनवारी मी असते तर..." म्हणाल्या आणि मान हलवली. "नाही. शनवार तो शनवार."

मी म्हटलं, सरांना तुम्ही कळवा, तुमचं ऐकतील.

"मी लिहिलं तर म्हणतील, बाई खुर्ची धरून बसली आणि पोराच्या गळ्यात घातलं. तू लिही. तुझ्या हातानं. ते अक्षरच पुरावा आहे."

लिहिलं. चार कागद फाडले. शेवटी एका ओळीत दहा शेपटीचे एक, खालच्या ओळीत दहा नऊ, आणि लिहिलं की फुगवटा या दोन ओळींच्या मधे आहे. मॅट्रिक नापास हेही टाकलं, आता काय लपवायचं. बाईंनी वाचलं. म्हणाल्या, "मॅट्रिकचं कुणी विचारलं नव्हतं." पण खोडलं नाही.

पत्रपेटीत टाकताना हात आत गेला तो लवकर बाहेर काढवेना.


शुक्र. ११

सरांची तार. "सोमवारी कमिटीसह येतो. दोन्ही नकाशे तयार ठेवा."

पत्राचा उल्लेख नाही. पोचलं का? पोचलं आणि पटलं नाही? की पटलं आणि सरांना कमिटीपुढे बोलायचं अवघड? पेढे तर सगळ्यांना वाटून झालेत. बाई म्हणतात, तर्क करू नकोस, काम कर.

काम म्हणजे आम्ही दोघं मिठागरं पहिल्यापासून. मी कार्बन मोठ्यानं वाचतो, बाई फिरवतात. आज एक रकाना मला दिला. त्यांच्या यंत्रावर. उलट करताना मधेच टिंग वाजलं, मी घाबरलो. "थांब. एक फेरा मागे ये. यंत्र रागावलं नाही, सांगतंय." मागे आलो. शून्य. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग मला कळलं की मी म्हणायचंय.

"बरं," म्हटलं.

मुंबईचं यंत्र मला अजून स्वप्नात दिसतं, ते दिवे. खोटं कशाला बोलू, तसं दुसरं काही मी बघितलेलं नाही. पण त्याच्या अलीकडे कुणीतरी असं बसलेलं पाहिजे, उलट करून बघणारं. हे सोमवारी कमिटीला कोण सांगणार? मी? मला बोलायला उभं केलं तर मी त्या गुलाबी पायांच्या पक्ष्यांवर घसरेन.


सोम. १४

घाईत, जिन्यावर बसून.

बाईंनी सकाळीच तिन्ही यंत्रं पुसली. दोन्ही नकाशे शेजारी शेजारी, चार दगड ठेवून. निळ्या काठाचं पातळ, ठेवणीतलं असावं. सकाळपासून तीनदा घड्याळ बघितलं त्यांनी. बाळारामही आलाय, न बोलावता, धुतलेला सदरा घालून, खाली घाणीच्या दगडावर बसलाय. "मिठागर आमचं हाय. मी बी ऐकीन."

सरांची जीप दहाला यायची. साडेनऊला स्टँडकडून एक मुलगी चालत आली. फ्रॉक, घामानं डबडबलेली, दोन्ही हातांनी छातीशी बुटांचं खोकं धरलेलं, दोऱ्यानं बांधलेलं. बाळारामला विचारलं, तेलाचं ऑफिस हेच काय. माझ्याकडे बघून म्हणाली, "तो सदू कोण तुमच्यात?"

मी म्हटलं, मी.

तिनं पर्समधून कागद काढला. माझं पत्र. दहा शेपट्या, दहा नऊ.

"हे मला वाचून दाखवलं साहेबानी, सगळ्या पोरींसमोर. मी ग्लोरिया. पाच वर्षं कार्डं मारते, माझ्या हाताखाली चूक नाय निघाली कधी. आता बोलतात, उद्यापासून येऊ नको." कागद माझ्या नाकासमोर धरला. "ह्यात वन कुठला हाय? सांग ना. मी आईची शपथ, सगळे नाईन बघते!"

मी पत्रात लिहिलंच होतं की, कार्डवाल्या बाईंनी चुकीचं वाचलं. मी चुकीचं लिहिलं असं टाकायला हवं होतं. एका शब्दाचा फरक.

"साहेब मागून येतात जीपनं," ती म्हणाली. "मी पहिल्या गाडीनं आले. त्यांच्या आधी मला बघायचं हाय मी काय चुकले. सगळी कार्डं आणली, न विचारता."

वर लेआबाई दारात येऊन उभ्या होत्या. सगळं ऐकलं असावं. ग्लोरियाकडे बघत होत्या, तिच्या बोटांकडे, खोक्याच्या दोऱ्यानं लाल झालेल्या.

मी खोकं घ्यायला हात पुढे केला.

"राहू दे सदू," बाई म्हणाल्या. "तिचं काम आहे, तिलाच आणू दे वर. तू दुसरी खुर्ची आण. माझ्या शेजारी लाव."